जुन्या गाडीची खालची बाजू

‘अंडरबॉडी कोटिंग करून घेऊ का?’ ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत मे महिना उजाडला की हा प्रश्न निघतो आणि गॅरेजगणिक त्याचं उत्तर बदलतं. एक जण म्हणतो, डोळे झाकून करून टाका. दुसरा म्हणतो, फुकटचा खर्च. तिसरा, केस पिकलेला मेकॅनिक, डिझेलात जळकं ऑइल मिसळून खालून फवारून देतो म्हणतो आणि ‘पद्मिनीला आम्ही हेच करायचो’ असा दाखलाही देतो. गंमत म्हणजे तिघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. नव्या गाडीला लागू पडणारं उत्तर बारा-पंधरा वर्षांच्या गाडीला उलटं पडतं, आणि बहुतेक सल्ले गाडीचं वय न विचारताच दिले जातात. हा लेख जुन्या गाडीपुरता आहे.

गंज चढायला लोखंड, प्राणवायू आणि पाणी लागतं, हे शाळेत शिकवलेलं असतं. मात्र पाणी किती पडलं यापेक्षा पत्रा किती तास ओला राहिला, याला जास्त महत्त्व आहे. हवेमुळे धातू किती गंजेल याचा अंदाज बांधणारं आयएसओ ९२२३ हे आंतरराष्ट्रीय मानक त्यासाठी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असलेले तास मोजतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सकाळची हवा बहुतेक दिवस त्या रेषेच्या वरच असते. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा याच चार महिन्यांत. उघडीप मिळाली की गाडीचं छत आणि बॉनेट तासाभरात वाळतं. खालच्या बाजूला ऊन पोचत नाही, चिखल चिकटून बसलेला असतो. ती ओलीच राहते.

लोक दोष देतात तो ‘खाऱ्या हवेला’. तो निम्माच खरा. लाटांतून उडणारं मीठ किनाऱ्यापासून आत येताना झपाट्याने कमी होतं. वर्सोव्याला किंवा अलिबागला गाडी जशी सडते तशी ती डोंबिवलीत सडत नाही. पण ठाण्याला खाडी आहे, उल्हासच्या पात्रात भरतीचं पाणी कल्याणपर्यंत चढतं, मासळीच्या टेम्पोतून गळणारं खारं पाणी रस्त्यावर सांडत असतं. शिवाय सुट्टीत काशिदच्या, दिवेआगरच्या पुळणीवर गाडी घालून फोटो काढणारी मंडळी आहेतच. मिठाची खोड अशी, की ते हवेतलं बाष्प ओढून घेतं. साधं मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी धरतं. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच. म्हणजे दिवाळीनंतर रस्ते खडखडीत कोरडे झाले तरी चाकामागच्या कोनाड्यात अडकलेला खारट चिखल आतून ओलाच असतो आणि पत्रा खात राहतो.

डोंबिवलीची तऱ्हा आणखी वेगळी. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडल्याची बातमी राज्यभर गाजली. २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला एक रस्ताच गुलाबी झाला आणि तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे तो पाहायला आले. रंगाची पूड गाडी खात नाही. पण औद्योगिक हवेतला सल्फर डायऑक्साइड दवात विरघळला की त्याचं आम्ल होतं, आणि ते आम्ल मऊ पडलेल्या पेंटखाली, पिचलेल्या जोडात शिरतं. कल्याणला वालधुनी आहे. अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांचं सांडपाणी घेऊन येणारी ही नदी २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत वस्तीत शिरली. अशा पाण्यात बुडालेली गाडी सुधारताना इंजिन उघडतात, सीट वाळवतात, वायरिंग बदलतात. दाराच्या आणि दाराखालच्या पोकळीतला गाळ मात्र क्वचितच कोणी काढतं. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने पुराबद्दल विचारावं ते याच गाळासाठी.

या भागाचं मोटारींशी नातं जुनं आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीत प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ याच आवारात तयार व्हायची. आता त्या जमिनीवर टॉवर आहेत. प्रीमियरच्याच पद्मिनी मोटारीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली आणि मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादाही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. सोसायटीच्या आवारात आज ज्या जुन्या गाड्या दिसतात त्या मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका, वॅगन आर. ट्रकला किंवा जीपला वेगळी चासी असते. या गाड्यांना नाही. फ्लोअर, दाराखालचा रनिंग बोर्ड, खांब, सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं आणि गाडीचा भार त्या सांगाड्यावरच. पत्र्याची जाडी बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरही नसते. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेलं असतं. त्या दोन पत्र्यांमधल्या केसाएवढ्या फटीत पाणी आपोआप खेचलं जातं आणि तिथून गंज सुरू होतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. जोडाच्या कडेला पत्रा फुगलेला दिसतो तो त्यामुळेच: आतला गंज दोन्ही पत्र्यांना रेटून दूर करत असतो. फुगवटा दिसेपर्यंत आतलं बरंच काम झालेलं असतं.

म्हणून पहिला खर्च कोटिंगवर नको, रॅम्पवर करावा. शंभर-दोनशे रुपये देऊन गाडी वर चढवून घ्यावी आणि स्वतः खाली जावं. कसलेला मेकॅनिक इथे काय करतो ते पाहण्यासारखं असतं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात जुना बोथट स्क्रू ड्रायव्हर. त्याच्या मुठीने तो रनिंग बोर्डवर ठोकत पुढून मागे जातो. टणटण आवाज येतो तोवर थांबत नाही. एका ठिकाणी आवाज बसतो, भद्द होतो. तिथे तो स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून टोकाने दाबतो. वरून पेंट शाबूत, काळं कोटिंगही शाबूत, आणि टोक अर्धा इंच आत. बाहेर ओढलं की तांबड्या पापुद्र्यांचा चुरा हातावर. मग तो नेमाने त्याच ठरलेल्या जागा बघतो: जॅक पॉइंट, पुढच्या लोअर आर्मचे आणि सबफ्रेमचे माउंटिंग, मागच्या अ‍ॅक्सलची जोडणी, स्टेपनीचा खड्डा, पेट्रोल टाकीचे पट्टे, आणि फ्लोअरखालून मागे जाणारे ब्रेक पाइप. या शेवटच्या गोष्टीवर त्याने जास्त वेळ घालवला तर घालवू द्यावा. फ्लोअरला भोक पडलं तर पाय ओले होतात. ब्रेक पाइप फुटला तर गाडी वेळेवर थांबत नाही. घरी हे तपासायचं असेल तर गाडी नुसत्या जॅकवर किंवा विटांवर चढवून खाली झोपू नये. जॅक पॉइंटच सडलेला असू शकतो, आणि तो सडला आहे की नाही हेच तर बघायला आपण खाली गेलेलो असतो.

सांगाडाच सडणं म्हणजे काय, याचं एक परदेशी उदाहरण मोटारवाल्यांच्या अजून तोंडी असतं. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये लान्सिया कंपनीला आपल्या बीटा गाड्या मालकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या, कारण इंजिन तोलून धरणाऱ्या सबफ्रेमची जोडणीच गंजाने पोखरली होती. कंपनीची त्या देशातली पत त्यातून पुन्हा सावरली नाही.

जुन्या गाडीचं फ्लोअर पुष्कळदा खालून सडत नाही, वरून सडतं, आणि ही गोष्ट कोटिंग विकणारा कधी सांगत नाही. पावसाळ्यात ओल्या चपला, ठिबकणारी छत्री, भिजलेली पिशवी. रबरी मॅटखाली कार्पेट, त्याच्याखाली फेल्टचा जाड थर. तो एकदा भिजला की ऑक्टोबरच्या उकाड्यातही वाळत नाही. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तर पाणी डाव्या बाजूच्या पायाशी उतरतं. वायपरखालच्या जाळीत गुलमोहराची, पिंपळाची पानं साचली की पावसाचं पाणी बाहेर पडायची वाट सोडून आत येतं. दाराच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोकं असतात. ती चिखलाने बुजली की दार आतून भरतं. हे सगळं दुरुस्त करायला एक पातळ तार, हवेची गन आणि एक रविवार लागतो. सीट काढून कार्पेट उचललं आणि खाली कोरडा पत्रा दिसला तर गाडीने निम्मी परीक्षा पास केली असं समजायला हरकत नाही.

सायलेंसरचं दुखणं वेगळं आहे, त्याच्यावर कोटिंगचा इलाज नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. लांबच्या प्रवासात सायलेंसर तापतो आणि वाफ बाहेर जाते. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर एवढीच धाव असलेल्या गाडीत ती आतच थंड होऊन साचते आणि सायलेंसर आतून कुजतो. लोकलने कामाला जाणाऱ्या डोंबिवलीकराची गाडी ही अशीच चालते. महिन्यातून दोनदा तरी तिला शहापूर-मुरबाडकडे तासभर पिटाळावं.

आता कोटिंग. बाजारात नावं बरीच आहेत, पण जाती मोजक्या. सगळ्यांत जुनं डांबरी, म्हणजे बिटुमेनचं. त्याच्यानंतरचं रबराइज्ड, जे दगडांचा मारा सोसतं आणि रस्त्याचा आवाजही कमी करतं. नव्या गाडीची डिलिव्हरी देताना शोरूमवाला गळ्यात मारतो ते बहुधा यांपैकी एक. कारखान्यातून येणाऱ्या आजच्या गाडीला इलेक्ट्रो-डिप प्रायमर असतो, मोक्याच्या जागी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा असतो, जोडांवर सीलंट असतं. तिला वरून आणखी एक काळा थर नाही दिला तरी फारसं बिघडत नाही. जुन्या गाडीला हा कडक थर देणं मात्र मला सरळसरळ चूक वाटते. कारण तो आधीच्या गंजावर, धुळीवर, ओलीवर बसतो. ठाण्याच्या एप्रिलात तापून तो कडक होतो, खड्ड्यांत दणके बसून तडकतो, तड्यांतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही. वरून बघणाऱ्याला खालची बाजू काळी कुळकुळीत, ठणठणीत दिसते. सेकंडहँड गाडी विकणारे हौसेने कोटिंग करतात ते उगाच नाही. बारा वर्षांच्या गाडीचं पोट ताजं काळं दिसलं तर संशय घ्यावा.

जुन्या गाडीला मऊ थर मानवतो: मेणाचा, लोकरीच्या चरबीपासून निघणाऱ्या लॅनोलिनचा किंवा नुसत्या तेलाचा. हे पदार्थ पूर्ण वाळत नाहीत, जोडांच्या फटीत झिरपतात, ओरखडा पडला तर पुन्हा पसरून तो झाकतात. पोकळ्यांसाठीचं मेण, ज्याला कॅव्हिटी वॅक्स म्हणतात, लांब नळीच्या नोझलने रनिंग बोर्डच्या, दाराच्या, खांबांच्या आत मारतात. ही कल्पना धंदा म्हणून रुजवली ती अमेरिकेत, डेट्रॉइटला, १९५९ पासून कर्ट झीबार्टच्या नावाने चाललेल्या कंपनीने. गाडी बाहेरून नाही तर पोकळीतून सडते, हे ओळखून तिथे पोकळीत औषध मारायला सुरुवात झाली. आपल्याकडे अजूनही दहातली नऊ कामं दिसणाऱ्या बाजूवरच होतात, कारण गिऱ्हाइकाला दाखवता येतं तेवढंच. कॅव्हिटी वॅक्सचे स्प्रे कॅन मिळतात. मारायला चिकाटी असलेला माणूस मात्र शोधावा लागतो. मऊ थराचे तोटेही सांगायला हवेत. धूळ चिकटते, उन्हात थोडं ठिबकतं, पार्किंगच्या फरशीवर डाग पडतात आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन येतो. दर वर्षी किंवा फार तर वर्षाआड पुन्हा मारावं लागतं.

जळक्या ऑइलवाला मेकॅनिक इथे निम्मा बरोबर ठरतो. कॅनडात हिवाळ्यापूर्वी गाडीला खालून तेल मारून देणारी दुकानं गावोगाव आहेत, आणि रस्त्यावर बर्फासाठी टाकलेल्या मिठाचा मारा सोसूनही त्या गाड्या टिकतात. तत्त्व तेच. फक्त आपलं जळकं ऑइल आम्लधर्मी झालेलं असतं, त्यात धातूचा कीस असतो, डिझेल आणि ऑइल दोन्ही रबरी बुश फुगवतात, आणि पहिल्याच पावसात हा सगळा माल गटारातून खाडीत जातो. पद्मिनीच्या काळात दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून ते चाललं. आज तीच मेहनत लॅनोलिनच्या किंवा मेणाच्या फवाऱ्यावर घालावी. रबरी बुश आणि ब्रेकच्या डिस्क झाकून, सायलेंसर वगळून.

कोणताही थर द्यायचा तर त्याच्याआधीचं काम मोठं आहे आणि ते कंटाळवाणं आहे. खालून धुणं, तेही गोड्या पाण्याने. खाडीलगतच्या बोअरचं पाणी मचूळ असू शकतं, तेव्हा वॉशिंग सेंटरवाल्याला पाणी कुठलं ते विचारायला लाजू नये. मग गाडी निदान दोन दिवस उन्हात चालवून वाळवणं. सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढणं. उरलेल्या घट्ट गंजावर रस्ट कन्व्हर्टर. त्यात टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं. टॅनिक आम्ल लोखंडाशी जुळून निळसर काळा टिकाऊ थर करतं. हिरडा आणि लोखंड मिळून काळी शाई करण्याची आपली जुनी रीत याच रसायनावर चालायची. पण कन्व्हर्टर वरवरच्या गंजापुरता. पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर ओतला तर बाटली वाया. कन्व्हर्टरवर इपॉक्सी प्रायमर, आणि मग मऊ थर. पाणी निघण्याची भोकं आधी टेपने झाकून नंतर उघडायची. कोटिंगनेच ती बुजवून गाडी ‘सुरक्षित’ करून देणारी दुकानं मी पाहिली आहेत.

भोक पडलेला पत्रा कापून नवा पत्रा वेल्ड करण्याला पर्याय नाही. फायबरची पट्टी, पुट्टी, वरून काळा रंग, हा दिसण्यापुरता इलाज आहे. कल्याणच्या, भिवंडीच्या बाजूला सीओटू वेल्डिंग करणारे चांगले कारागीर मिळतात. त्यांना एवढंच सांगावं की वेल्डिंगनंतर आतल्या बाजूला जळलेल्या जागी प्रायमर आणि मेण मारू द्या, मगच पोकळी बंद करा. आणि वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढायला लावावी, नाहीतर गंज जाईल आणि इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीएमही जाईल.

बॅटरीला जोडायची, गंज ‘विजेने थांबवणारी’ छोटी डबी अधूनमधून जाहिरातीत दिसते. जहाजाला किंवा जमिनीखालच्या पाइपलाइनला ही युक्ती चालते, कारण त्यांच्याभोवती सलग पाणी किंवा ओली माती असते. हवेत उभ्या गाडीभोवती असं काही नसतं. अमेरिकेत अशाच एका यंत्राच्या विक्रेत्यांवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नव्वदच्या दशकात कारवाई केली होती. पैसे खिशात ठेवावेत. प्लॅस्टिकच्या कव्हरचंही तसंच. पावसाळ्यात ओल्या गाडीवर वॉटरप्रूफ कव्हर ओढलं की खालून उठणारी वाफ आत कोंडते. स्टिल्टखाली उभ्या गाडीला कव्हर नकोच; आठवड्यातून एकदा चालवणं आणि काचा उघड्या ठेवून वारा खेळू देणं पुरे.

हा खटाटोप कुठवर करायचा, हे कायदाही थोडंफार ठरवतो. एमएच-०४ असो की एमएच-०५, खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, पुढे दर ५ वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं, आणि पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेलं. २० वर्षांवरच्या गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १० हजार झालं. तेव्हा चौदाव्या वर्षी हिशेब मांडावा. जॅक पॉइंट, सबफ्रेमचे माउंटिंग आणि अ‍ॅक्सलची जोडणी घट्ट असेल, फ्लोअर एखाद-दोन पॅचवर भागत असेल, तर मेण, प्रायमर आणि वेल्डिंगवरचा खर्च पाच वर्षांत वसूल होतो. माउंटिंगच सुटत असेल तर त्या गाडीवर कोटिंगचा एक रुपयाही घालू नये. ती अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी आणि प्रमाणपत्र घेऊन नोंदणी रद्द करून घ्यावी, म्हणजे तिचे सडके भाग दुसऱ्या कोणाच्या गाडीला लागत नाहीत.

काम करायचं ठरलं तर एप्रिलमध्ये करा. पत्रा तेव्हा सगळ्यांत कोरडा असतो, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात रॅम्प मिळत नाही.